डोळ्याचं प्रेशर मोजलं, मग कॉर्नियाची वेगळी तपासणी कशासाठी?

काचबिंदूच्या तपासणीनंतर बहुतेकांच्या लक्षात एकच आकडा राहतो, डोळ्याच्या प्रेशरचा. १६ आला की हायसं वाटतं, २४ आला की धास्ती बसते. हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, बाहेरून दाब देऊन काढलेला असतो. साहजिकच तो पडदा किती जाड आणि किती ताठ आहे, त्याप्रमाणे आकडा वरखाली होतो.

कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण ५४० ते ५५० मायक्रॉन असते. पातळ कॉर्नियात प्रेशर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं, जाड कॉर्नियात जास्त. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात प्रेशर वाढलेल्या लोकांवर लक्ष ठेवलं होतं. ज्यांची जाडी ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी होती, त्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ पेक्षा जास्त जाडी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला.

पण सारख्याच जाडीचे दोन कॉर्निया दाबाखाली सारखे वागतीलच असं नाही. म्हणून कॉर्नियाच्या हिस्टेरेसिसची ही वेगळी तपासणी. यंत्र डोळ्यावर हवेचा हलका झोत सोडतं. कॉर्निया आत जाताना एकदा सपाट होतो, किंचित खोलगट होतो आणि परत येताना पुन्हा सपाट होतो. पापणी लवण्याआधी हे सगळं उरकतं. दोन्ही वेळी सपाट होतानाचा दाब सारखा नसतो. मधल्या मध्ये कॉर्नियाने काही जोर पचवलेला असतो. त्या दोन दाबांतला फरक म्हणजे कॉर्नियल हिस्टेरेसिस, रिपोर्टमध्ये ‘सीएच’. निरोगी डोळ्यांत तो सरासरी १० ते ११ च्या आसपास असतो.

ओपन अँगल काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरा होण्याचा कोन उघडा असतो त्या प्रकारात, हा आकडा सरासरीने कमी आढळतो. प्रेशर नॉर्मल असूनही डोळ्याची नस खराब होते त्या प्रकारातही तो कमी असतो, आणि आमच्या मते तिथेच ही तपासणी सर्वांत मोलाची ठरते. स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये, म्हणजे डोळ्यात पांढुरके कण साचतात तेव्हा, तो बऱ्याचदा आणखी खाली असतो. जन्मजात काचबिंदूत डोळा ताणून मोठा झालेला असतो, तिथेही तो घटतो. उलट, नुसतं प्रेशर जास्त आणि नस शाबूत असलेल्यांचा कॉर्निया बरेचदा जाड आणि ताठ निघतो. अँगल क्लोजरमध्ये, म्हणजे तो कोन बंद होतो तेव्हा, मात्र निर्णय मुख्यतः गोनिओस्कोपीवरच (कोनाच्या तपासणीवरच) होतो.

सीएच कमी असलेल्यांची नजरेची कक्षा जास्त वेगाने आकसते, असं दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. तरीही सीएच कमी आला म्हणजे काचबिंदू झालाच, असं कृपया समजू नका. नसेची तपासणी, ओसीटी (नसेच्या थरांचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या कक्षेची तपासणी) यांच्या जोडीनेच तो वाचायचा असतो. शिवाय प्रेशर खूप चढलेलं असताना सीएच खाली येतो आणि थेंबांनी प्रेशर उतरलं की थोडा वाढतो. त्यामुळे उपचाराआधीचा आणि नंतरचा रिपोर्ट शेजारी ठेवताना त्या त्या दिवशीचं प्रेशरही पाहावं लागतं. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि आकडा चांगला आला म्हणून थेंब बंद करू नका.

तपासणीत डोळ्याला काही टेकत नाही, भूल द्यावी लागत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. पापणी मिटली तर रीडिंग बिघडतं, तेव्हा आम्ही पुन्हा घेतो, घाई नाही. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेझर झालं असेल, तर आधी सांगा. त्यानंतर कॉर्निया पातळ आणि मऊ होतो, आणि नेहमीच्या पद्धतीने मोजलेलं प्रेशर फसवं कमी दिसतं.