व्हर्जिनियाने शाळांना कुलूप लावायचा कायदा केला, त्याच्या मागची गोष्ट

१९५६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रिचमंडला, म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाचं विशेष अधिवेशन भरलं आणि तिथेच हा कायदा झाला, ते समजून घ्यायचं तर आधी त्याच राज्यातल्या फार्मव्हिल गावात जायला लागतं.

तिथलं मोटन हायस्कूल काळ्या मुलांचं, बांधलेलं १८० जणांसाठी आणि शिकत होती साडेचारशेच्या वर, मग आवारात डांबरी कागदाच्या शेड टाकल्या, पाऊस आला की छत गळायचं, थंडीत शेगडीजवळची पोरं भाजून निघायची आणि लांबची अंगात कोट घालून कुडकुडत बसायची. २३ एप्रिल १९५१ ला १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवून आणला. खोटा फोन करून मुख्याध्यापकांना आधी शाळेबाहेर काढलं, मग सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. केवढी हिंमत त्या पोरीची!

त्यातून, गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याविरुद्ध कोर्टात केस गेली आणि ती पुढे अशाच केसेस एकत्र करून चाललेल्या ब्राउन खटल्यात जोडली गेली. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य.

आता व्हर्जिनियात तेव्हा सिनेटर हॅरी बर्डचा शब्द चालायचा. १९५५ च्या शेवटी, या निकालाचं काय करायचं ते ठरवायला राज्याने नेमलेल्या ग्रे कमिशनने, काय करायचं ते बऱ्यापैकी त्या त्या भागावर सोडा, असं सुचवलं होतं, पण फेब्रुवारी १९५६ मध्ये बर्डने ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’ची, म्हणजे निकालाला जंगी विरोध करायची हाक दिली आणि गव्हर्नर स्टॅन्लीने बोलावलेल्या त्या विशेष अधिवेशनात ही मोकळीकसुद्धा गेली. एखाद्या भागाची तयारी असली तरी चालणार नाही, गोरी-काळी मुलं एकत्र बसली की ती शाळा बंद आणि सरकारी पैसाही बंद. कुठलं मूल कुठल्या शाळेत जाणार हे ठरवायला राज्याचं वेगळं बोर्ड, शिवाय खाजगी शाळेच्या फीसाठी अनुदान. मला सगळ्यात लागतं ते हे की हे सगळं रीतसर मतदान घेऊन झालं.

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉरफोकमधल्या शाळांना खरंच टाळं लागलं, जवळपास १३ हजार मुलं घरी. १९ जानेवारी १९५९ ला राज्याचं सर्वोच्च न्यायालय आणि फेडरल कोर्ट, दोघांनी एकाच दिवशी शाळा बंद करायचा कायदा उडवला.

पण फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिने १९५९ मध्ये आपल्या सगळ्याच सरकारी शाळा बंद केल्या, त्या १९६४ पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी निघाली. काळ्या मुलांपैकी काहींना घरच्यांनी दुसरीकडे नातेवाईकांकडे पाठवलं आणि कितीतरी जण तशीच, शाळेविना राहिली.

आज रिचमंडला त्याच विधिमंडळाच्या आवारात २००८ पासून एक स्मारक आहे, त्यात बार्बरा जॉन्स उभी आहे.