हवामान प्रत्याभरण (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

हवामानातल्या एखाद्या बदलाचा परिणाम उलट फिरून त्याच बदलाला बळ देतो किंवा आवर घालतो, तेव्हा त्या प्रक्रियेला प्रत्याभरण म्हणतात. बोलण्यात ‘फीडबॅक’ हाच शब्द रुळला आहे. डबलबारीच्या भजनात माइक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, तीही याच जातीची. बदल वाढवते ते धन प्रत्याभरण, आवरते ते ऋण. ‘धन’ म्हणजे लाभदायक असा अर्थ पुष्कळजण काढतात; इथे तो लागू नाही.

प्रत्याभरण हे मूळ कारण नव्हे, कारणाचा गुणाकार आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि बाकी काहीच हलले नाही, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढेल. आयपीसीसी या हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज मात्र सुमारे ३ अंशांचा आहे. रुपयामागे साठ पैसे परत यावेत, त्या साठांचे पुन्हा छत्तीस, असे होत बेरीज अडीच रुपयांवर थांबावी, तसा हा हिशेब; १.२ ची अडीचपट म्हणजे ३. तापलेली पृथ्वी अवकाशात जास्त उष्णता फेकते हा सर्वांत मोठा लगाम, १.२ च्या आकड्यात तो धरलेलाच आहे.

कोकणात यातली बहुतेक चक्रे पाण्याभोवती फिरतात. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवते. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइडमुळे तापमान किती बदलेल याच्या १८९६ च्या गणितात हे चक्र धरले होते. मे महिन्यात रात्री दहालाही अंगाचा घाम वाळत नाही आणि देशावर मात्र पहाटे जरा गारवा येतो, या फरकात समुद्राच्या सान्निध्याबरोबर या बाष्पाचाही वाटा आहे.

तेच पाणी लगामही घालते. मे अखेरीस अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास असतो. मोसमी वारे सुटले की पाणी ढवळते, बाष्पीभवन वाढते, ढग ऊन अडवतात आणि नौका शाकारलेल्या असतात त्या काळात समुद्र निवतो. चक्रीवादळही खालचे गार पाणी वर आणून स्वतःची ताकद कमी करते. उबदार थर खोलवर गेलेला असेल तर हा ब्रेक नीट लागत नाही.

ढगांचे गणित सर्वांत किचकट. खालचे दाट ढग सावली धरतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात. तापमान वाढल्यावर ढगांत होणाऱ्या बदलांचे एकूण पारडे धन बाजूला झुकते. बर्फ वितळून उघडी पडणारी काळी जमीन जास्त तापते, हे चक्र कोकणापासून दूरचे, पण वितळलेले पाणी समुद्राची पातळी वाढवत खाडीपर्यंत येतेच. खाडीत खारफुटीची मुळे गाळ धरून जमीन वर उचलतात आणि चिखलात कार्बन साठवतात. ती तोडली की तोच कार्बन हवेत परततो.

जमिनीवरचे चक्र पायांना कळते. उन्हाळ्यात कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, अनवाणी उभे राहवत नाही. ओलावा संपलेला असतो, त्यामुळे सगळे ऊन दगड आणि हवा तापवण्यात जाते, आणि तापलेली हवा उरलीसुरली ओल शोषते. तिथून उतरून पाटाचे पाणी फिरणाऱ्या नारळी-पोफळीच्या आगरात शिरले की तेच ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हे चक्र स्थानिक आहे, वरच्या जागतिक आकड्यांशी त्याची गल्लत करू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर भागातली आगरे आडवी केली, तेव्हा फळांबरोबर सावलीही गेली. उघड्या जमिनीत पोफळीचे कोवळे रोप ऊन सोसत नाही. त्यासाठी आधी केळी लावून सावली धरावी लागते.