वास्को द गामाची परतीची वाट

वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण तो परत कसा गेला हे कुणी विचारत नाही, आणि खरा थरार तिथेच आहे.

येताना आफ्रिकेतल्या मालिंदीहून त्याला वाटाड्या मिळाला होता आणि नैऋत्येचा वाराही, त्यामुळे साधारण २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरचं वारं आत घुसतं, हाच आपला मान्सून. हिवाळ्यात सगळं उलटं. अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांची जहाजं शेकडो वर्षं याच हिशेबाने ये-जा करत होती.

गामा मात्र कालिकतच्या सामुद्रीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, बिनसल्यावर ऑगस्टअखेर निघाला, गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर थोडा थांबला आणि ५ ऑक्टोबरला थेट भर समुद्रात. नैऋत्येचा वारा संपलेला, ईशान्येचा अजून नीट सुरू झालेला नाही, मग काय, कधी वारा पडलेला तर कधी समोरून. २३ दिवसांच्या वाटेला जवळपास तीन महिने लागले!

तेवढ्यात स्कर्वीने गाठलं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने. माणसाचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, बिस्किटं आणि खारवलेल्या मांसात ते जवळपास नसतंच, आणि अंगातला साठा एक ते तीन महिन्यांत संपतो. ते नसेल तर कोलॅजन धड बनत नाही, म्हणजे शरीराला बांधून ठेवणारा धागाच कच्चा. हिरड्या इतक्या सुजल्या की दातांवर चढल्या, खाता येईना, पाय सुजले. या एका टप्प्यात ३० च्या आसपास माणसं गेली, उरलेल्यांत एकेका जहाजावर धडधाकट असे सात-आठ जण. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली, पण पुढे तीन जहाजं चालवायला माणसंच नाहीत म्हणून त्यातलं साओ राफाएल हे जहाज जाळून टाकावं लागलं.

वाऱ्याचं टाइमटेबल पोर्तुगीजांनी पटकन उचललं, मिरीने भरलेली त्यांची जहाजं पुढे डिसेंबर-जानेवारीत भारतातून निघायला लागली. स्कर्वीचं मात्र भिजत घोंगडंच राहिलं. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये १२ आजारी खलाशांच्या जोड्या लावून वेगवेगळे उपाय करून बघितले, त्यात संत्री-लिंबू मिळालेले दोघं आठवडाभरात सुधारले, तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस रोजच्या रेशनमध्ये घ्यायला १७९५ उजाडलं.