आबेंनी जपानची घटना बदलली की घटनेचा अर्थ?

‘शिंझो आबेंनी जपानची शांततावादी राज्यघटना बदलली’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. ही घटना ३ मे १९४७ला लागू झाली आणि २०२०मध्ये आबे पायउतार झाले तेव्हाही तिच्यात एका शब्दाची दुरुस्ती झालेली नव्हती. एकूण ३,१८८ दिवस, म्हणजे जपानच्या इतिहासात सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेल्या या माणसाची सगळ्यात मोठी इच्छा अपुरीच राहिली. मग बदललं काय? घटनेचा अर्थ. दुरुस्ती आणि अर्थबदल या दोन गोष्टी एकच मानल्या, तर आबे नीट कळत नाहीत.

सगळा वाद नवव्या कलमाचा. युद्धाचा हक्क जपान कायमचा सोडत आहे आणि भूदल, नौदल, हवाई दल बाळगणार नाही, असं ते कलम म्हणतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकी ताब्याच्या काळात, तिथला कारभार पाहणारे अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या मसुद्यातून ही घटना आली. ती परक्यांनी लादली, ही सल आबेंच्या घरातच होती. त्यांचे आजोबा, माजी पंतप्रधान नोबुसुके किशी, दुरुस्तीचे कट्टर पुरस्कर्ते होते.

पण दुरुस्तीची वाट अवघड. ९६व्या कलमानुसार दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं हवीत आणि त्यावर देशभर सार्वमत. आपल्या घटनेत शंभरहून अधिक दुरुस्त्या झाल्या, कारण आपल्याकडे सार्वमताची पायरीच नाही. जपानमध्ये तर सार्वमत घ्यायचं कसं, याचा कायदासुद्धा २००७पर्यंत नव्हता. तो आबेंच्या पहिल्या, जेमतेम वर्षभराच्या कारकिर्दीत झाला. २०१२च्या अखेरीस सत्तेवर परतल्यावर त्यांनी आधी ९६वं कलमच सैल करायचा विचार मांडला. खेळाचे नियमच बदलता काय, अशी टीका झाली आणि तो मागे पडला.

तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली.

लष्कर न बाळगण्याचं कलम असूनही जपानकडे १९५४पासून स्वसंरक्षण दल आहे, ते अर्थ लावण्याच्या जोरावरच. देश म्हटला की स्वतःच्या रक्षणाचा हक्क आलाच, असा तो अर्थ. मात्र मित्रदेशावर हल्ला झाला म्हणून आपण शस्त्र उचलायचं, ज्याला सामूहिक स्वसंरक्षण म्हणतात, ते घटनेत बसत नाही, ही सरकारची भूमिका १९७२पासून पक्की होती. ती सांभाळायचं मंत्रिमंडळाचं विधी कार्यालय, म्हणजे सरकारला कायद्याचा सल्ला देणारं कार्यालय. हे कार्यालय इतकं वजनदार का, हे आपल्याला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे घटनेचा शेवटचा अर्थ सर्वोच्च न्यायालय सांगतं. जपानचं सर्वोच्च न्यायालय अशा अतिशय राजकीय प्रश्नांपासून दूर राहतं. १९५९च्या सुनागावा खटल्यात त्याने तसं स्पष्टच केलं होतं. त्यामुळे या कार्यालयाचा शब्द जवळपास अखेरचा ठरायचा.

ऑगस्ट २०१३मध्ये आबेंनी कार्यालयातल्याच माणसाला बढती द्यायची प्रथा मोडून परराष्ट्र खात्यातले, अर्थबदलाला अनुकूल असलेले इचिरो कोमात्सु यांना प्रमुखपदी आणलं. १ जुलै २०१४ला मंत्रिमंडळाने ठराव केला: निकटच्या देशावरच्या हल्ल्यामुळे जपानच्याच अस्तित्वाला उघड धोका असेल, दुसरा उपाय नसेल आणि बळ कमीत कमी वापरलं जाणार असेल, तर सामूहिक स्वसंरक्षण चालेल. पुढच्या जूनमध्ये संसदेच्या समितीपुढे बोलावलेल्या तिन्ही घटनातज्ज्ञांनी यावर आधारलेली विधेयकं घटनाबाह्य ठरवली. त्यातल्या यासुओ हासेबे यांना तर सत्ताधाऱ्यांनीच बोलावलं होतं. संसदेबाहेर हजारो लोक जमत राहिले. तरी १९ सप्टेंबर २०१५च्या पहाटे कायदे संमत झाले.

उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं आणि चीनचा वाढता दबाव खरा होता, आबेंची काळजी पोकळ नव्हती. पण देशाच्या युद्धविषयक भूमिकेतला इतका मोठा बदल जनतेचं मत न घेता झाला, हे मला तरी पटत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. २०१७मध्ये आबेंनी सुचवलेली दुरुस्ती अर्थबदलापेक्षा सौम्य होती: नवव्या कलमाचे दोन्ही परिच्छेद तसेच ठेवायचे, फक्त स्वसंरक्षण दलाचा उल्लेख घालायचा. दलाच्या कामात आणि अधिकारांत त्याने फरक पडणार नाही, असं ते स्वतः सांगत. प्रत्यक्ष फरक पाडणारं काम आधीच, शब्द न बदलता, उरकलं होतं.

२०१६च्या निवडणुकीनंतर दुरुस्तीच्या बाजूचे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश झाले होते. तरी मसुद्यावर एकमत झालं नाही, आणि २०१९मध्ये वरिष्ठ सभागृहातलं ते बळही गेलं. २८ ऑगस्ट २०२०ला आजारपणामुळे राजीनामा जाहीर करताना आबेंनी अपुऱ्या राहिलेल्या कामांत घटनादुरुस्तीचं नाव घेतलं. त्यासाठी त्यांनी वापरलेला जपानी वाक्प्रचार शब्दशः मराठीत आणला तर होतो: आतडी तुटावी असं दुःख.