बाह्य डिस्कवरील कूटबद्ध लिनक्स

बाह्य डिस्कवरील कूटबद्ध लिनक्स : संगणकाच्या आतल्या डिस्कला हात न लावता, यूएसबीने जोडायच्या एसएसडीवर, हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर लिनक्स कार्यप्रणाली पूर्णपणे बसवणे आणि परवलीच्या वाक्यांशाशिवाय ती वाचता येणार नाही अशी करून ठेवणे. डिस्क जोडून संगणक सुरू केला की आपली प्रणाली, आपल्या फायली, आपली मांडणी समोर येते; डिस्क काढली की तो संगणक पुन्हा ज्याचा त्याचा. लाइव्ह पेनड्राइव्हहून हा प्रकार वेगळा आहे. लाइव्ह प्रतीत केलेले बदल यंत्र बंद होताच बहुधा पुसले जातात. इथे मात्र रोज वापरायची, अद्ययावत होत राहणारी प्रणाली असते.

इंदूरच्या मराठी घरांत याची गरज सहज पटते. घर रामबागेत किंवा लोकमान्य नगरात, मुलगी नोकरीला पुण्यात, घरातला लॅपटॉप सगळ्यांत मिळून एकच. सीएच्या हाताखाली शिकणारा मुलगा अशिलांचे जीएसटीचे कागद खिशातल्या डिस्कवर घेऊन फिरतो. कुणी घरातले होळकरकालीन मोडी कागद स्कॅन करून त्याच डिस्कवर ठेवलेले असतात. रात्रीची पुण्याची बस सेंधव्याच्या ढाब्यावर थांबते तेव्हा बॅग सीटवरच राहते, आणि बॅगेत ही डिस्क असते. लॉगिनचा पासवर्ड अशा वेळी काही कामाचा नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली तशाच उघडतात, पासवर्ड कुणी विचारतही नाही. डिस्क हरवल्यावर तिच्यावरचा मजकूर परक्याच्या हाती पडू नये, यासाठी कूटबद्धीकरण करायचे.

लिनक्समध्ये हे काम गाभ्यातला (कर्नलमधला) डीएम-क्रिप्ट हा भाग करतो. तो मार्च २००४ मध्ये गाभ्याच्या २.६.४ आवृत्तीत आला. त्याच वर्षी क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी लक्स ही मांडणी आखली. लक्स म्हणजे लिनक्स युनिफाइड की सेटअप. डिस्कवरचा मजकूर आपल्या वाक्यांशाने नव्हे, तर यंत्राने तयार केलेल्या एका यादृच्छिक मुख्य किल्लीने कूटबद्ध होतो, हे लक्सचे मर्म. वाक्यांशाने उघडते ती ही किल्ली ठेवलेली डबी, आणि डबी असते डिस्कच्या सुरुवातीच्या शीर्षभागात. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत अशा डब्यांसाठी ८ जागा होत्या. २०१७च्या अखेरीस लक्स हाताळायच्या क्रिप्टसेटअप या साधनाच्या २.० आवृत्तीबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या ३२ पर्यंत गेल्या. म्हणून वाक्यांश बदलायला अख्खी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, आणि एक वाक्यांश आपल्यापाशी नि दुसरा पाकिटात बंद करून आईपाशी, असेही करता येते.

फिरत्या डिस्कच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळदा निसटते. लक्स-२ मध्ये वाक्यांशावरून डबी उघडण्याचे काम आर्गॉन-२ या पद्धतीने होते. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत हीच पद्धत विजयी ठरली होती. ती मुद्दाम वेळ घेते आणि स्मृतीही (रॅम) भरपूर मागते, सहसा १ जीबीपर्यंत. किती मागायची हे डिस्क ज्या यंत्रावर तयार होते त्या यंत्राच्या ताकदीवरून ठरते. ऑफिसच्या १६ जीबीच्या यंत्रावर केलेली डिस्क घरच्या २ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर अतिशय सावकाश उघडते, कधी उघडतच नाही. डिस्क जुन्या यंत्रांवरही न्यायची असेल तर स्मृतीची मर्यादा सुरुवातीलाच कमी ठेवावी.

डिस्कचे सहसा तीन भाग करतात : संगणक सुरू होताना आधी वाचला जाणारा, फॅट-३२ मधला सुमारे ५१२ एमबीचा ईएफआय विभाग, गाभा ठेवायचा १ जीबीचा बूट विभाग आणि उरलेली सगळी जागा लक्ससाठी. स्वॅप (स्मृती कमी पडल्यावर तिच्यातला मजकूर ठेवायची डिस्कवरची जागा) हाही लक्सच्या आतच हवा, नाहीतर स्मृतीतला मजकूर उघडा बाहेर पडतो. जुनी वापरलेली डिस्क असेल तर आधी ती यादृच्छिक मजकुराने भरून घ्यावी. नुसते कूटबद्धीकरण केल्याने खाली उरलेले जुने फोटो पुसले जात नाहीत. साधे पेनड्राइव्ह बारीक बारीक लिखाणाला फार मंद असतात आणि झिजतातही, तेव्हा रोजच्या वापराला एसएसडीच घ्यावी.

खरा घोटाळा होतो तो बूटलोडरपाशी, म्हणजे संगणक सुरू होताच कार्यप्रणालीला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामपाशी. लिनक्समध्ये तो बहुधा ग्रब नावाचा असतो. लिनक्सच्या काही लोकप्रिय वितरणांचे (तयार संचांचे) इन्स्टॉलर ‘बाहेरच्या डिस्कवर बसव’ असे सांगितले तरी बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात टाकतात. प्रस्तुत नोंदकाराच्या घरी असेच झाले. स्थापना छान झाली, डिस्क पिशवीत टाकून नोंदकार बाहेर पडला, आणि तासाभरात आईचा फोन : ‘‘अरे, लॅपटॉपवर नुसते काळे पान आलेय, ग्रब असे काहीतरी लिहिलेय.’’ विंडोज जागेवरच होते, पण दाराशी बसवलेला पहारेकरी बाहेरच्या डिस्कची वाट बघत होता. तेव्हापासून कुणी विचारले की पहिले सांगणे हेच : काका, स्क्रू काढून आतली डिस्क आधी सोडवा, किंवा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती बंद करा, मगच बसवायला घ्या.

बाहेरच्या डिस्कवर बूटलोडर गेला तरी काम संपत नाही. एरवी बूटलोडर कुठे आहे याची नोंद त्या त्या संगणकाच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) होते, आणि परक्या संगणकात ती असणार कुठून? म्हणून ग्रब बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा. मग बूटलोडर ईएफआय विभागातल्या ‘बूट’ फोल्डरात बूटएक्स६४ या ठरलेल्या नावाने जातो, आणि नोंद नसली तरी फर्मवेअर त्याला शोधून काढते. तसेच सुरुवातीला चढणाऱ्या इनिटरॅमएफएस या छोट्या प्रतिमेत सर्व प्रकारच्या यंत्रांचे ड्रायव्हर हवेत. डेबियन या वितरणात ते मुळातच असतात; फेडोरा आणि आर्च या वितरणांत प्रतिमा फक्त बसवलेल्या यंत्रापुरती बनते, ती सर्वसाधारण करून घ्यावी लागते.

वाक्यांश निवडताना मराठी माणसाची एक वेगळीच अडचण होते. वाक्यांश विचारला जातो तेव्हा प्रणाली अजून उठलेली नसते, देवनागरी कीबोर्ड तिथे नसतो. इन्स्टॉलरमध्ये इनस्क्रिप्टने टाइप केलेला वाक्यांश बूटच्या वेळी टंकताच येत नाही. तेव्हा शब्द मराठी, अक्षरे रोमन. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द चांगले : जिरावण, छत्री, खंडवा, पाटा, उंबरठा, अशा जातीचे, पण नेमके हे नव्हेत. अभंगाची ओळ घेऊ नये, ती साऱ्यांना पाठ असते. आणि रोमन स्पेलिंग एकदाच पक्के करावे. जिरावणमध्ये एक ‘आय’ की दोन ‘ई’, छत्रीत एक ‘टी’ की दोन, हे आठवड्याने वेगळे आठवले तर डिस्क उघडत नाही. बाजारातल्या दुकानात नेली तर ‘‘फॉर्मेट करके विंडोज डाल दूँ?’’ एवढेच विचारतील. वाक्यांश गेला तर दुकानदार, निर्माता, कुणीही मजकूर परत देऊ शकत नाही.

परक्या विंडोज संगणकावर वापरताना दोन गोष्टी खटकतात. पहिली घड्याळाची. विंडोज यंत्रातल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स ती जागतिक वेळ समजते. त्यामुळे सकाळचे १० वाजले असताना लिनक्समध्ये दुपारचे ३.३० दिसतात. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली की मग विंडोज साडेपाच तास मागे पडते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हे थांबते. दुसरी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कूटबद्धीकरणाची. सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सही असलेला बूटलोडरच चालू देणारी सोय) किंवा बूटचा क्रम बदलला तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, तेव्हा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर प्रयोग करण्याआधी ती त्याच्यापाशी आहे ना हे विचारून घ्यावे.

हे संरक्षण यंत्र पूर्ण बंद असतानाचे आहे. सुरू किंवा झोपवलेल्या लॅपटॉपमध्ये मुख्य किल्ली स्मृतीत असते, आणि वीज गेल्यावरही ती काही क्षण तिथे टिकून काढता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. म्हणून बसमध्ये चढण्यापूर्वी यंत्र झोपवू नये, बंद करावे. बूट विभाग उघडाच असतो, तो कुणी बदलला तर वाक्यांश चोरता येतो. इथे बाह्य डिस्कचा फायदा असा की तो विभागही आपल्या खिशातच असतो. सायबर कॅफेसारख्या यंत्राच्या कीबोर्डवर मात्र वाक्यांश टाइप करू नये. स्वतःची डिस्क कूटबद्ध करायला भारतात मनाई नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ नुसार मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून मजकूर उलगडून देण्यास साहाय्य करावे लागते. ते नाकारल्यास ७ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

शीर्षभाग बिघडला तर योग्य वाक्यांश असूनही सगळे जाते. केबल सैल होऊन किंवा चुकून दुसरे फॉर्मॅटिंग मारले जाऊन असे घडते. क्रिप्टसेटअपने शीर्षभागाची प्रत काढता येते. लक्स-२ मध्ये ती सुमारे १६ एमबीची फाइल होते. ती त्याच डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घालून घरच्या कपाटात ठेवावी. वाक्यांश बदलला की जुनी प्रत नष्ट करून नवी काढावी, कारण जुन्या प्रतीत जुना वाक्यांश अजून चालतो. मोडी कागदांच्या स्कॅनसारखा पुन्हा न मिळणारा मजकूर तर दुसऱ्या कूटबद्ध डिस्कवरही हवाच, आणि ती दुसरी डिस्क पहिलीच्या बरोबर त्याच बॅगेत नको.