पात्याचा स्वर उतरतो तेव्हा

दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन चालू असताना थिएटरमध्ये मधूनमधून एक बारीक, एकसुरी आवाज येत राहतो. सर्जननी हातातल्या लांब दांड्याचं बटण किंवा पायाखालचं पेडल दाबलं की तो सुरू होतो, सोडलं की थांबतो. मांस चिमटीत धरून कापणाऱ्या आणि रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या या उपकरणाला थिएटरात सगळे ‘हार्मोनिक’ म्हणतात. मुळात ते एका कंपनीचं ब्रँडनाव, पण झेरॉक्ससारखं रुळलेलं. ऐकू येणारा आवाज मात्र त्याच्या पात्याचा नसतो. पातं सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा थरथरतं, आणि माणसाच्या कानाची धाव २०,००० पर्यंतच. आवाज काढतो तो ट्रॉलीवरचा जनरेटर, ‘पातं चालू आहे, सांभाळा’ असं सांगायला.

पात्याला त्याचा स्वतःचा स्वरही असतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, जनरेटरला येतो. पातं किती तापलंय आणि त्याच्या चिमटीत काय धरलंय, हे जनरेटरला त्या स्वरावरूनच ओळखावं लागतं.

या उपकरणाची वंशावळ पाणबुड्यांपर्यंत जाते. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार येतो, हे १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलं. उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक किंचित फुगतो, आक्रसतो. पिएर क्युरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हां यांनी पहिल्या महायुद्धात याच गुणाचा वापर करून शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यात ध्वनिलहरी सोडल्या. त्यासाठी त्यांनी क्वार्ट्‌झचे तुकडे दोन पोलादी चकत्यांमध्ये बसवले होते. आजच्या हार्मोनिकच्या मुठीत तोच घाट आहे. फक्त क्वार्ट्‌झच्या जागी सिरॅमिकच्या चकत्या आल्या आणि त्या बोल्टने करकचून आवळल्या गेल्या. त्यांना जोडलेला टायटॅनियमचा दांडा ही थरथर टोकापर्यंत पोचवतो.

टोक पुढे-मागे सरकतं ते जेमतेम केसाच्या जाडीएवढं, साधारण ५० ते १०० मायक्रॉन. पण ८० मायक्रॉन धरून हिशेब केला, तर प्रत्येक फेरीत टोकाचा कमाल वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जातो, आणि दिशा बदलताना त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाच लाख पट त्वरण सोसावं लागतं. वरच्या बाजूला टेफ्लॉनची गादी लावलेला जबडा असतो. रक्तवाहिनी त्या दोघांमध्ये दाबली की घर्षणाने आणि थरथरीने तिच्यातली प्रथिनं उलगडतात, चिकट लगदा होतो, वाहिनीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि मग ती कापली जाते. शिवणं आणि कापणं एकाच चिमट्यात. नेहमीची पाती ५ मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या बंद करतात, काही नवी ७ पर्यंतच्या.

आता या पात्याचं तापमान कसं मोजायचं? टोकावर एखादा इवलासा सेन्सर चिकटवावा, हे पहिल्यांदा सुचतं. पण पाच लाख पट त्वरणात तो सेन्सर, त्याचा गोंद आणि त्याची तार किती वेळ टिकणार? शिवाय त्याच्या वजनाने पात्याची कंपनंच बिघडतील.

संगीताच्या मैफिलीला गेलेल्यांनी एक दृश्य पाहिलेलं असतं. रंगमंचावरचे दिवे तापतात, हवा गरम होते, आणि मध्येच गायक मागे वळून तंबोऱ्याकडे बघतो. तार उतरलेली असते. उष्णतेने तार लांबते, ताण कमी होतो, स्वर खाली येतो. पात्याचंही तसंच होतं, फक्त कारण जरा निराळं. पात्याला कुणी ताणून धरलेलं नसतं. त्याचा स्वर ठरतो धातूच्या ताठपणावर आणि लांबीवर. टायटॅनियम तापलं की त्याचा ताठपणा कमी होतो आणि ते किंचित लांबतं. दोन्हींचा परिणाम एकच: नैसर्गिक कंपनसंख्या घसरते. म्हणजे निराळा थर्मामीटर बसवायची गरजच नाही, अख्खं पातंच थर्मामीटर आहे. मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट.

जनरेटरला हा उतरलेला स्वर कळतो कसा? झोका आठवा. झोक्याला धक्का त्याच्या लयीत दिला तरच तो चढतो. लय चुकली की हात दुखतात आणि झोका मंदावतो. जनरेटर सिरॅमिकला विजेचे धक्के देत असतो आणि व्होल्टेज व करंट यांच्या लहरी बरोबर चालल्या आहेत की मागेपुढे झाल्या आहेत, हे सतत तपासत असतो. मागेपुढे झाल्या की धक्क्यांचा वेग बदलून पुन्हा जुळवून घेतो. ही जुळवाजुळव कापण्यासाठी मुळातच लागते. ती करताना कंपनसंख्या किती खाली आली, याची नोंद ठेवली की तापमानाचा अंदाज जवळजवळ फुकटात मिळतो.

अंदाजच म्हणायचं, कारण पातं सगळीकडे सारखं तापत नाही, मुठीतलं सिरॅमिकही वापराने गरम होऊन आपली भर घालतं, आणि प्रत्येक पात्याची मूळ पट्टी थोडी वेगळी असते. म्हणून आकड्यापेक्षा घसरणीचा वेग अधिक बोलका ठरतो. चिमटीत ओलं मांस आहे तोवर त्यातलं पाणी उष्णता शोषत राहतं आणि स्वर हळूहळू उतरतो. मांस कापून संपलं की पातं थेट टेफ्लॉनवर घासू लागतं, तापमान झपाट्याने चढतं आणि स्वर घसरगुंडीवरून खाली यावा तसा येतो. ही घसरगुंडी ओळखली की जनरेटर शक्ती कमी करतो आणि कानाला ऐकू येणारा आवाज बदलतो. सर्जनला कळतं, काम झालं, सोडा.

ऊतीबद्दलची माहितीही त्याच व्होल्टेज आणि करंटमधून येते. जाड, घट्ट ऊती धरली तर तेवढीच थरथर टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं. ऊती वाळत गेली की हा विरोध बदलत जातो. गेल्या काही वर्षांतल्या पेटंटांमध्ये तर याच्या पुढची कल्पना मांडलेली दिसते: वेगवेगळ्या कंपनसंख्यांना मिळणाऱ्या प्रतिसादावरून चिमटीतल्या ऊतीत कोलॅजन (बळकटी देणारं प्रथिन) किती आणि इलॅस्टिन (लवचिकपणा देणारं प्रथिन) किती, हे ताडायचं आणि त्यानुसार शक्ती ठरवायची.

एवढा खटाटोप कशासाठी? हार्मोनिकची जाहिरात बराच काळ ‘कमी उष्णतेची सुरी’ अशी झाली. विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या कॉटरीशी तुलना केली तर ते खरंच आहे, ऊतीत धूर आणि कोळसा कमी होतो. पण त्यावरून पातं थंड असतं असा समज पसरला, तो मला धोक्याचा वाटतो. बटण बराच वेळ दाबून ठेवलं तर पातं २०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. कोलॅजन साठेक अंशांना आक्रसू लागतं, आणि नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, इजा व्हायला तर त्याहूनही कमी पुरतं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राची नस पात्यापासून काही मिलिमीटरवर असते. ती भाजली तर रोग्याचा आवाज बसतो.

मोतीबिंदूच्या ‘फेको’मध्येही, म्हणजे थरथरत्या सुईने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या ऑपरेशनमध्येही, हीच काळजी असते. चार्ल्स केलमन यांना ती कल्पना दातांच्या डॉक्टरकडे, दात साफ करणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या उपकरणाखाली बसलेले असताना सुचली, आणि १९६७ मध्ये त्यांनी ती पद्धत मांडली. तिथे सुईभोवती सतत पाणी खेळवून ती गार ठेवतात. प्रवाह तुंबला, तर सुईसाठी बुबुळावर घेतलेला छेद काही सेकंदांत भाजू शकतो.

पोटात असं पाणी खेळवता येत नाही. आणि टायटॅनियम उष्णता सोडायला मोठं चिकट. तांब्याच्या तुलनेत पात्यातलं मिश्रधातू उष्णता साठेक पटींनी कमी वाहून नेतं. स्टीलच्या उलथन्याचं टोक तेलात तापलेलं आणि मूठ हाताला गार, तसंच. टोकाची उष्णता टोकालाच बसून राहते, बटण सोडल्यावरही. सावध सर्जन म्हणून पातं लगेच आतड्याजवळ नेत नाहीत, थोडं थांबतात किंवा ओल्या गॉजवर टेकवतात.

गंमत अशी की नेमक्या याच वेळी थर्मामीटर मुका असतो. पातं थरथरत नसेल तर त्याला स्वर नाही, आणि स्वर नाही तर तापमान कळत नाही. यावर सुचवलेला उपाय तंबोरेवाल्यांना लगेच पटेल: बटण सोडल्यावरही जनरेटरने पात्याला अगदी हलका, काही न कापणारा विजेचा टिचका द्यायचा, परत आलेला स्वर ऐकायचा, आणि तो पुन्हा मूळ पट्टीवर येईपर्यंत ‘गरम आहे’चा दिवा लावून ठेवायचा.