आरपार क्षितिज: पॉलिमर क्लेतल्या निसर्गदृश्यांची पार्श्वभूमी

पॉलिमर क्ले म्हणजे हातानं मळून ओव्हनमध्ये घट्ट करायचा रंगीत पदार्थ. त्याच्या गळ्यातल्या लोलकात डोंगर, आभाळ आणि ओळीनं उभी झाडं दिसली की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'हे रंगवलंय कशानं?' बरेचदा ते रंगवलेलं नसतंच. रंग पदार्थाच्या अंगातच असतो आणि दृश्य थरांनी रचत नेलेलं असतं. असा लोलक उभा चिरला तरी कापलेल्या कडेवर आभाळाचा निळा आणि डोंगराचा हिरवा तितकाच सापडतो. या माध्यमात निसर्गदृश्य इतकं का रुजलं, याचं बरंचसं उत्तर एवढ्यात आहे. ते नीट सांगायचं तर वाटेत एका शब्दाशी थांबावं लागतं. तो शब्द म्हणजे 'क्ले'.

हा पदार्थ कलाकारांसाठी जन्मलेला नाही. जर्मनीत १९३०च्या दशकाच्या अखेरीस बाहुल्या बनवणारा एक नावाजलेला कारखाना डोक्यांसाठी कृत्रिम पदार्थ शोधत होता. हाती आलेला नमुना उत्पादनाला काही जमेना, पण मालकिणीच्या मुलीनं तो टाकून दिला नाही. पुढे तिनं त्याचे घरगुती संच विकले. १९६४ मध्ये पेन्सिली बनवणाऱ्या एका कंपनीनं तिच्याकडून सूत्र घेतलं आणि तो 'फिमो' झाला. त्यातला 'फि' तिच्या लाडक्या नावातला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका कंपनीनं ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी असाच पदार्थ केला होता. तोही त्या कामाला निरुपयोगी ठरला आणि १९६०च्या दशकात 'स्कल्पी' या नावानं हस्तकलेच्या बाजारात उतरला. त्यानंतर बरीच वर्षं दोन्हीकडे बाहुल्या, बाहुलीघरातली भांडीकुंडी आणि मुलांचे खेळ एवढाच त्याचा वापर होता.

खरी उलथापालथ १९८०च्या दशकात अमेरिकेत झाली. काही दागिने-कलाकारांनी काचकामातली केनची, म्हणजे आरपार एकच नक्षी असलेल्या कांडीची, रीत उचलली. रंगीत काचेच्या कांड्या जुळवून त्यांच्या आडव्या छेदात नक्षी उमटवायची ही विद्या प्राचीन इजिप्त आणि रोमपासूनची. व्हेनिसजवळच्या मुरानोत तिला 'मिलेफिओरी', म्हणजे हजार फुलं, असं नाव मिळालं. काचेला भट्टी लागते, इथे ओट्यावर भागतं. आपल्याकडे हे समजायला अळूवडीचा उंडा पुरे. उंडा कुठेही कापा, प्रत्येक वडीत तोच भोवरा. फरक इतकाच की केन दाबून, ओढून बारीक करता येते आणि आतलं चित्र जसंच्या तसं लहान होत जातं. आठ सेंटिमीटर बाजूची चौकोनी केन दोन सेंटिमीटरवर आणली, तर लांबी सोळापट होते. म्हणजे डोंगरांची एक ओळ नीट रचली की कानातल्यांच्या कितीतरी जोड्या निघतात.

जोडीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती निसर्गदृश्यातच खुलते. केनची एक चकती उलटी केली की चित्राचं प्रतिबिंब मिळतं. फुलाच्या केनमध्ये ते कळतही नाही. पण डावीकडून उजवीकडे उतरणारी डोंगरधार असेल तर एका कानात ती चेहऱ्याकडे उतरते आणि दुसऱ्या कानातलीही चेहऱ्याकडेच. मी पहिल्यांदा अशी जोडी आरशात पाहिली तेव्हा दोन उतारांमधली दरी म्हणजे माझा चेहरा झाला होता.

सुरुवातीच्या केनमध्ये मात्र फुलं, भूमिती आणि चेहरे यांचीच गर्दी. निसर्गदृश्य अडत होतं ते आभाळापाशी. संध्याकाळचं आभाळ केशरीतून जांभळ्यात कुठे शिरतं ते दाखवता येत नाही आणि त्या काळी कलाकारांना सात-आठ छटा वेगवेगळ्या कालवून पायऱ्यांसारख्या रचाव्या लागत. पायऱ्या दिसतच. १९९०च्या दशकाच्या मध्यात एका अमेरिकी कलाकारानं यावर जो तोडगा मांडला, तो आज त्याच आडनावानं 'स्किनर ब्लेंड' म्हणून ओळखला जातो. दोन रंगांचे दोन काटकोन त्रिकोण जुळवून आयत करायचा, तो दुमडून पास्ता मशीनमधून काढायचा, परत त्याच दिशेनं दुमडायचा, परत काढायचा. वीस-पंचवीस वेळा झालं की एका टोकाला केशरी, दुसऱ्या टोकाला जांभळा आणि मधे सगळी संध्याकाळ. आयतात प्रत्येक ठिकाणी दोन रंगांचं प्रमाण थोडं वेगळं असतं, दुमडण्याची दिशा बदलत नसल्यानं ते तसंच टिकतं. शेवया-पास्त्याच्या यंत्रानं चित्रकलेतला इतका जुना प्रश्न सोडवावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. धुकं, दूर जात फिकट होणारे डोंगर, पाण्यावरचा उजेड हे सारं त्यानंतर दागिन्याच्या मापात आलं.

दुसरा ओघ दगडांकडून आला. दगडात निसर्गदृश्य पाहण्याची हौस फार जुनी आहे. इटलीत तोस्कानाच्या चुनखडकाचे छेद पडक्या नगरांसारखे दिसतात, तर आपल्या देशात केन नावाच्या नदीच्या पात्रातला, उत्तर प्रदेशातल्या बांद्याचा शजर दगड आहे. त्यात लोह-मँगनीजच्या संयुगांनी जणू झाडंच काढलेली असतात. शजर म्हणजे अरबीत झाडच. १९९०च्या आसपास पॉलिमरमध्ये जेड, फिरोजा आणि हस्तिदंताच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या. त्या करताकरता पारदर्शक थर, भेगा, शिरा आणि गाळाचे पट्टे यांवर हात बसला. जपानी तलवारींच्या मुठींवरचं 'मोकुमे गाने' हे धातुकामही याच काळात इथे उसनं आलं: थरावर थर, त्यांना दाब, वरून पातळ काप. खऱ्या मोकुमे गानेत धातूचे थर उष्णतेनं एकजीव होतात, इथे नाव तेवढं घेतलं आणि कृती बदलली. नावांच्या बाबतीत हे क्षेत्र पहिल्यापासून सैल आहे.

आता त्या शब्दाकडे. पॉलिमर क्लेमध्ये माती नाही. त्यात पीव्हीसी या प्लॅस्टिकचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंगद्रव्य असतं. ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, ११० ते १३० अंश सेल्सियसच्या आसपास, ब्रँडप्रमाणे थोडं पुढेमागे, तापवलं की कण प्लॅस्टिसायझर शोषून एकमेकांत मिसळतात. पाणी उडत नाही, म्हणून आकार जवळजवळ तोच राहतो. मातीचं भांडं भाजताना जे घडतं त्याचा इथे संबंध नाही. उलट तापमान फार चढलं तर पदार्थ जळतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर सुटतो.

मग 'क्ले' कुठून आलं? जर्मन लोकांनी त्याला माती म्हटलंच नव्हतं. त्यांचा शब्द साधारण 'घडवायचा गोळा' असा. फ्रेंच आणि इटालियनमध्ये तो 'पात', 'पास्ता' म्हणजे कणीक किंवा लगदा. इंग्रजीत मात्र तो क्लेच्या रांगेत बसला, शेजारी मुलांची मॉडेलिंग क्ले होतीच. अमेरिकेत १९९१ साली आलेल्या एका प्रभावी मार्गदर्शक पुस्तकानं तर त्याला शीर्षकातच 'नवी क्ले' म्हटलं. त्या वेळी याचा उपयोग झाला. प्लॅस्टिक म्हटलं असतं तर कुणी हातात धरलं नसतं. क्ले म्हटल्यावर कुंभारकाम, शिल्प आणि हाताचा स्पर्श सोबत आले.

वीस वर्षांत तोच शब्द जड होऊ लागला. कलादालनांत काम लावू पाहणाऱ्यांचं म्हणणं असं, की क्ले म्हटलं की सिरॅमिक्सवाले आपलं म्हणत नाहीत आणि बाकीचे मुलांचा खेळ समजतात. तेव्हा नुसतं 'पॉलिमर' म्हणा, जसं नुसतं काच म्हणतात, नुसतं चांदी म्हणतात. विरुद्ध बाजू म्हणायची, की ज्या छंदवाल्यांनी घरच्या टेबलावर हे माध्यम जगवलं त्यांना दाराबाहेर ठेवण्याचा हा प्रकार आहे. भांडण शब्दाचं कमी आणि ओळखीचं जास्त होतं. २०११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कलासंग्रहालयानं या माध्यमाचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा नावात 'पॉलिमर आर्ट' आलं आणि क्ले वगळली गेली. त्याच नावाचा पहिला भाग मात्र 'टेरा नोव्हा', लॅटिनमध्ये नवी भूमी. माती एका दारानं गेली आणि दुसऱ्या दारानं परत आली. कलाकारांची अमेरिकेतली संघटना पुढे राष्ट्रीयची आंतरराष्ट्रीय झाली, पण तिच्या नावात क्ले कायम राहिली. आजही दोन्ही वापर चालू आहेत.

माझा कौल 'पॉलिमर'कडे आहे, आणि त्याचं कारण कलादालन नव्हे. मराठीत या शब्दाचा घोळ वेगळा आणि अधिक गंभीर आहे. आपल्याकडे 'क्ले' या एका शब्दाखाली शाळेतलं प्लॅस्टिसिन येतं, हवेत सुकणारी क्ले येते, कॉर्नफ्लोअर आणि डिंकाचं कोल्ड पोर्सलेन येतं, दोन गोळे मळून घट्ट होणारी इपॉक्सी येते, टेराकोटाचे दागिनेही येतात. त्यात गणपतीच्या निमित्तानं घराघरांत झालेल्या शाडू विरुद्ध पीओपी या वादानं 'मातीचं' या शब्दाला एक पुण्य चिकटलं आहे, आणि ते योग्यही आहे. पण त्या पुण्याईत पीव्हीसीचं कानातलं बसवून 'पर्यावरणपूरक क्ले ज्वेलरी' म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची फसवण आहे. प्रदर्शनातल्या टेबलावर मला एका आजींनी सरळ विचारलं होतं, 'तुटलं तर तुळशीत टाकलं तर चालेल ना?' नाही चालणार. ते विरघळणार नाही, कुजणार नाही. निसर्गदृश्य असलेल्या दागिन्यात तर हा गैरसमज दुप्पट होतो: डोंगर दिसतो, वर माती म्हणतात, मग ते मातीचंच असणार. 'पॉलिमर कणीक' हा शब्द आपल्याला पटकन कळला असता. मळणं, लाटणं, उंडा वळणं, सगळी कृती कणकेचीच आहे.

शब्दाच्या वादाच्या आगेमागे रसायनाचाही एक निर्णय झाला. प्लॅस्टिसायझर म्हणून वापरले जाणारे काही थॅलेट्स मुलांच्या वस्तूंमध्ये घातक मानले गेले. युरोपीय संघानं १९९९ मध्ये तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची बंधनं आणली. अमेरिकेत २००८च्या कायद्यानं मुलांच्या खेळण्यांतल्या अशा थॅलेट्सचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलं. उत्पादकांनी सूत्रं बदलली. जुन्या हातांना नवा माल कधी फार मऊ, कधी ठिसूळ लागला आणि तक्रारी झाल्या. तरी हा बदल हवाच होता. हा पदार्थ आपण तासन्तास उघड्या हातांनी मळतो.

पुढचा वेग इंटरनेटचा आहे. ऑनलाइन हस्तकला-बाजार आणि छोटे व्हिडिओ आल्यावर तंत्र शिकायला कार्यशाळेची वाट पाहावी लागेना. २०२०च्या टाळेबंदीत तर जगभर कानातल्यांची लाटच उठली: सपाट पत्रा लाटायचा, कटरनं कमान किंवा गोल कापायचा, वर डोंगर, सूर्य, समुद्र असे पातळ तुकडे चिकटवायचे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत आज दिसणारी निसर्गदृश्यं बहुतेक याच घराण्यातली. ती वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, अनेक सुरेख असतात. पण त्यांत दृश्य पृष्ठभागावर बसलेलं असतं, आणि या माध्यमाचं जे खास, ते आरपार जाणं, मागे पडलं आहे. केन रचायला दिवस जातो, कटरला मिनिट. तेवढ्या दिवसाचे पैसे गिऱ्हाईक देईलच असं नाही.

आपल्या हवेनंही रीत बदलली. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेली पाकिटं न भाजताच घट्ट होऊ लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात तर कच्चा माल ठेवायला फ्रिजचा कोपरा राखून ठेवणारे अनेक. कॅलिफोर्नियातल्या सूचना वाचून इथे काम करता येत नाही, हे प्रत्येकाला एकदा माल गमावून कळतं.

थरांची जुनी रीत इकडे काही हात धरून आहेत आणि त्यांचा विषय बहुधा सह्याद्री असतो. दख्खनचा पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनला. पावसाळ्यात कड्यांवर ते पट्टे स्पष्ट दिसतात: काळा कातळ, मधे गवताची हिरवी पायरी, पुन्हा कातळ. हे दृश्य वरून चिकटवावं लागत नाही. काळा, हिरवा, काळा असे पत्रे एकावर एक रचायचे, हिरवा अगदी पातळ लाटायचा, सगळं एकदा किंचित वाकवायचं आणि धारदार पात्यानं उभा काप घ्यायचा. कोकणकड्यासारखी आत वळलेली कडा हवी असेल तर वाकवताना अंगठा मधोमध दाबायचा.